ऑब्रीच्या छातीखालची झोळी

मी एक जुनी झोळी आहे. बाळाला निजवण्याची नव्हे, आणि भिक्षा मागण्याचीही नव्हे. ट्रकच्या चाकातली फुटकी ट्यूब, घोड्याच्या खोगिराचा झिजलेला पट्टा आणि हातभर साखळी, एवढंच माझं अंग. मेंढ्यांची लोकर कातरणारा माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो. मी त्याच्या छातीखालून जाते, वर शेडच्या आढ्याला टांगलेली असते, आणि त्याच्या अंगाचा भार तोलून धरते. मित्रांनो, एवढ्या साध्या कामासाठी मी जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या एखाद्या चोरानंही खाल्ल्या नसतील. तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

मला ऑब्री पेल आणि त्याची बायको नोरीन यांनी बनवलं. ऑब्री कातरणारा आणि नोरीन कातरणाऱ्यांच्या टोळीची स्वयंपाकीण. डार्लिंग नदीच्या दोन्ही बाजूंच्या कुरणांवर ही टोळी शेडमागून शेड करत फिरायची. ऑब्रीची कंबर तेव्हा पार गेली होती. संध्याकाळी काम संपलं की तो झोपडीच्या लाकडी जमिनीवर उताणा पडून राही आणि नोरीन त्याचे बूट काढी. सकाळी तीच बूट चढवून नाड्या बांधी. एवढा उंचापुरा माणूस, पण स्वतःच्या पायापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता.

दोन शेडच्या मधल्या सुट्टीत ती दोघं नोरीनच्या बहिणीकडे गेली. तिथं दाराच्या चौकटीला स्प्रिंग अडकवून तिच्या तान्ह्याला पट्ट्यांत टांगून ठेवलं होतं. पायाचे अंगठे जमिनीला टेकवून ते मजेत उड्या मारत होतं. नोरीन बराच वेळ बघत राहिली.

"तुलाही असंच टांगायला हवं," ती म्हणाली.

"गळ्याला?" ऑब्रीनं विचारलं.

"आधी छातीला टांगून बघू. नाहीच जमलं तर गळा आहेच."

गावाबाहेरच्या उकिरड्यावरून ट्यूब आणली. नोरीननं तिच्या पट्ट्या कापल्या आणि खोगिराचा पट्टा दाभणानं शिवला. दाभण दोनदा तिच्या बोटात गेलं. मी जन्मले ती अशी, शिव्याशापांतच.

कुरावेल नावाच्या कुरणावरच्या शेडमध्ये ऑब्रीनं मला पहिल्यांदा टांगलं तेव्हा काम सुरू होण्याची घंटा व्हायची होती. कातरणारे आपापल्या जागी उभे होते. पत्र्याखाली मेंढ्यांचा उग्र वास आणि माश्यांची गुणगुण. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि मग जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे.

सगळ्यांत मोठ्यानं हसला तो क्लाइव्ह हॅड्रिल. शेडमध्ये सगळ्यांत जास्त मेंढ्या कातरणाऱ्याला रिंगर म्हणतात, आणि हॅड्रिल कित्येक वर्षं रिंगर होता. लांब हात, पोलादी पाठ आणि तशीच जीभ.

"काय ऑब्री, बायकोनं दूध पाजून पाठवलं का?" तो ओरडला. "ढेकर काढली ना तिनं? लंगोट ओला झाला तर सांग रे बाबा, लाजू नकोस!"

ऑब्रीनं मेंढवाड्यातून मेंढी ओढून आणली, माझ्यावर छाती टेकली आणि कातरायला सुरुवात केली. पोटाची लोकर निघाली तोवर सगळं ठीक होतं. पुढं मेंढी वळवायला तो फिरला आणि मी त्याला मागं खेचलं. मेंढी सुटली, त्याच्या टांगांतून पळाली आणि अर्धी लोकर अंगावर लोंबत शेडभर धावत सुटली. ऑब्री माझ्यात लटकून गोल फिरला. माणसं पोट धरून हसली. कंत्राटदार स्टेपली, ज्यानं ही टोळी कामावर लावली होती, तोही हसला.

एक जण मात्र वर बघत होता. त्याचं नाव सेसिल. तो बार्किंजी माणूस. त्याचे लोक या नदीवर मेंढ्या येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. तो ऑब्रीच्या शेजारच्या जागी कातरायचा. चहाच्या सुट्टीत तो म्हणाला, "तू मेंढीभोवती फिरतोस, आणि हिला वर एकाच जागी खिळवलीस. ओढणारच ना ती."

"मग काय करू?"

"तिलाही फिरू दे की."

त्यानं दोन वाशांच्या मधे एक लोखंडी नळी आडवी बसवली. तिच्यावर सरकायला एक चाक हवं होतं, ते त्यानं कोठीच्या सरकत्या दाराचं काढून आणलं. त्या दिवसापासून कोठीचं दार हातानं उचलून बाजूला ठेवावं लागे, आणि नोरीन प्रत्येक वेळी सेसिलच्या नावानं शंख करी. पण मी आता ऑब्रीबरोबर सरकू लागले. तो डावीकडे गेला की मी डावीकडे. तो वाकला की ताणायची, उठला की आकसायची. त्याची पाठ माझ्यावर विसावली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणूस किती जड असतो आणि किती दिवसांचा थकलेला असतो.

पुढच्या रविवारी ऑब्रीनं स्वतःच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. नोरीन चूल सोडून बाहेर आली आणि बघून गेली. त्या दिवशी जेवणात मनुके घातलेलं पुडिंग होतं.

मग हळूच एकेक जण यायला लागला. "जरा दे रे, नुसतं बघतो." एक जण बुटका होता, त्यानं साखळीच्या प्रत्येक कडीत अडकेल असा आकडा शोधून आणला, म्हणजे उंची कमीजास्त करता येई. कुणाच्या बरगडीला मी टोचले, तर त्यानं खाली मेंढीच्या कातड्याची गादी बसवली. मला कुणी आखलं नव्हतं, कुणी मंजूरही केलं नव्हतं. ज्याला जिथं दुखलं तिथं त्यानं मला बदललं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले, आणि फार थोडे.

कारण हॅड्रिल आता हसत नव्हता.

एके दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यानं ताट पुढं सरकवलं आणि उभा राहिला. "ही झोळी शेडमधून गेली पाहिजे," तो म्हणाला. "चेष्टा नाही करत मी. आज तुमची कंबर वाचतेय म्हणून तुम्ही खूश. उद्या हाच स्टेपली म्हणेल, कंबर दुखत नाही ना आता, मग का रे थांबतोस? कर अजून मेंढ्या. कंबर दुखते म्हणून तर आपण थांबायच्या वेळेला थांबतो. तेवढंच एक त्यांना मोजता येत नाही, आणि तुम्ही तेही त्यांच्या हातात देताय."

मित्रांनो, मला त्या माणसाचा तिटकारा आहे. तरी सांगते, तो मूर्खासारखं बोलत नव्हता.

"आणि तुझी कंबर शाबूत आहे, म्हणून आमची दुखू द्यायची का?" ऑब्रीनं विचारलं.

"ज्याला जमत नाही त्यानं दुसरं काम धरावं."

मेंढ्या पावसानं फार भिजल्या असतील तर कातरायच्या की नाही, हे कातरणारे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. कंत्राटदाराला त्यात मत नसतं. तशाच चिठ्ठ्या माझ्यासाठी पडल्या, एका तेलकट हॅटमध्ये. निकाल माझ्या बाजूनं लागला. ज्याची कंबर त्याची मर्जी, असं ठरलं.

बाहेर येताना सेसिल ऑब्रीला म्हणाला, "मी तुझ्या विरुद्ध मत दिलं बरं का."

"तू? ती नळी तूच बसवलीस ना?"

"बसवली. चांगली चालते. पण हॅड्रिल म्हणतो ते व्हायचंच एक दिवस. तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणून सांगितलं."

ऑब्री दुखावला. पण निदान सेसिलनं तोंडावर सांगितलं होतं.

हॅड्रिलनं जे केलं ते पाठीमागून केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. तो एकटा शेडमध्ये परत आला, माझी ट्यूब हातात धरली आणि चाकूनं आतल्या बाजूनं अर्धी कापली. मला तोंड असतं तर मी अख्खी शेड गोळा केली असती. मला तोंड नव्हतं. मी लटकत राहिले, आणि घंटा झाली, आणि ऑब्री आला. त्यानं नेहमीसारखी विश्वासानं माझ्यावर छाती टेकली.

मी जमेल तितकं धरून ठेवलं. एक दांडगा मेंढा होता, त्यानं लाथ झाडली. मी तुटले. ऑब्री तोंडघशी पडला आणि उजव्या हातातलं कातरायचं चालू यंत्र त्याच्या डाव्या हातावरून गेलं. तो पडला तेव्हा कुणीतरी हसलं होतं, पण पांढऱ्या लोकरीवर रक्त पसरलं तेव्हा कुणीच हसलं नाही.

त्याला पिकअपमध्ये घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. नोरीन अंगावरच्या एप्रनसकट बरोबर गेली. हात वाचला, पण बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सोडलं तर बाकीची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्या हातानं मेंढी धरता येणार नव्हती. ऑब्रीचं कातरणं तिथं संपलं.

सामान न्यायला नोरीन कुरावेलला परत आली ती बरोबर जेवणाच्या वेळी. शेडच्या कोपऱ्यात फेकलेली मी तिला आधीच सापडले होते. तिनं मला टेबलावर, मटणाच्या परातीशेजारी आपटलं.

"रबर तुटतं तेव्हा दातऱ्या पडतात," ती म्हणाली. "हे बघा, अर्ध्यापर्यंत सरळ रेघ. हे कापलंय. कोण तो? बोला. माझ्या हातचं खाताना तोंडं बरी चालतात तुमची."

हॅड्रिल उभा राहिला.

"मी."

"का?"

"वाटलं, पडेल, सगळे हसतील आणि हे खूळ संपेल. हाताचं माझ्या मनात नव्हतं."

"तुझ्या मनात काय होतं ते तू बरोबर घेऊन मर," नोरीन म्हणाली. "मी माफ करीन असं वाटत असेल तर सांगून ठेवते, नाही करणार. म्हातारी झाले तरी नाही."

सगळ्यांनी स्टेपलीकडे पाहिलं. हॅड्रिल गेला असता तर कुरावेलच्या मेंढ्या वेळेत झाल्या नसत्या. स्टेपलीनं घसा खाकरला.

"हे बघ नोरीन, झालं ते वाईट झालं. पण झोळीच नसती तर तो पडला असता का? आजपासून शेडमध्ये झोळी बंद."

मित्रांनो, कापणारा राहिला आणि मला हाकललं. नोरीननं चुलीत बादलीभर पाणी ओतलं, एप्रन काढून स्टेपलीच्या ताटात टाकला आणि मला खांद्यावर टाकून ती निघाली. तिच्यामागून फक्त सेसिल उठला. तिची ट्रंक त्यानं गाडीत ठेवली.

त्यानंतर मी गावातल्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये एका खिळ्याला होते. ऑब्री लोकरीच्या गोदामाच्या फाटकावर बसू लागला. फार बोलत नसे. माझ्याकडे तर तो बघतच नसे, आणि मी त्याला दोष देत नाही. धूळ बसली, कोळ्यांनी घर केलं, आतली ट्यूब तडकू लागली. सगळ्यांनी विसरावं असं वाटत होतं, आणि विसरतील याची भीतीही.

मग एका रविवारी सेसिल आला. कमरेवर हात ठेवून, हळूहळू पायऱ्या चढत.

"एक शिवून दे," तो नोरीनला म्हणाला.

"तू तर विरुद्ध होतास!"

"मत माझं होतं. कंबरही माझीच आहे. दोघांचं पटत नाही, त्याला मी काय करू?"

नोरीन हसली. त्या दुर्दैवी शेडनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. तिनं मला खिळ्यावरून काढलं, माझी तुटलेली ट्यूब जाड तुकडा लावून सांधली आणि माझ्यावरून माप घेऊन दुसरी झोळी शिवली. सेसिलनंतर त्याचा मेहुणा आला, मग त्याच्या शेडमधले दोघं आले. कुणी जाहिरात केली नाही. एकाची पाठ सरळ दिसली की दुसरा विचारायचा, "कुठून आणलीस?" आणि नोरीनच्या दाराशी गाडी थांबायची.

पुढं स्टेपलीच्या कानावर गेलं, की बाकीच्या शेडमध्ये झोळ्या सर्रास टांगल्या जातात. आणि हॅड्रिल म्हणाला होता अगदी तसंच झालं. ज्या झोळीला स्टेपलीनं हाकललं होतं तीच त्यानं एका कारखान्यातून घाऊक बनवून घेतली. लोखंडी चौकट, कडक स्प्रिंग, सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येक जागेवर टांगली आणि जाहीर केलं, "आता पाठीचं रडगाणं नको. मेंढ्या वाढल्या पाहिजेत." बुटक्याच्या त्या गळ्याशी येत आणि उंचाच्या पोटाशी. पहिल्याच आठवड्यात माणसांनी त्या आढ्यावरून उतरवल्या आणि शेडच्या दारात ढीग घातला. सेसिल पुढं होता.

"झोळी ज्याची त्यानं आपल्या पिशवीतून आणायची आणि आपल्याबरोबर न्यायची," त्यानं स्टेपलीला सांगितलं. "तू टांगायची नाहीस आणि तू काढायचीही नाहीस. आणि मेंढ्यांचं म्हणशील तर होतील तेवढ्या होतील."

स्टेपली लाल झाला, ओरडला, दुसरी माणसं आणण्याच्या धमक्या दिल्या. शेड बंद पडली. वरून ढग आले होते आणि मेंढ्या मेंढवाड्यात ओरडत होत्या. शेवटी त्यालाच मान्य करावं लागलं. त्या भागातल्या शेडमध्ये तो नियम आजही आहे. कुठं लिहिलेला नाही, पण मोडून बघा म्हणजे कळेल.

आणि मग एके दिवशी हॅड्रिल आला.

त्याच्या गाडीचा आवाज ओळखून नोरीन दारात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. त्याला गाडीतून उतरायला वेळ लागला. ती पोलादी पाठ आता जुन्या बिजागरीसारखी अर्धी वाकून अडकली होती.

"काय हवंय?" नोरीननं विचारलं.

"तुला माहीत आहे."

"तोंडानं बोल."

"झोळी हवी आहे."

"ज्याला जमत नाही त्यानं दुसरं काम धरावं. कोण म्हणालं होतं रे हे?"

"मी म्हणालो होतो," हॅड्रिल म्हणाला. "दुसरं काम येत नाही मला."

नोरीन दार लावणार होती. ते मला उघड्या गॅरेजमधून दिसत होतं. तेवढ्यात आतून ऑब्रीचा आवाज आला.

"दे त्याला. नवी नको. ती जुनी दे, सांधलेली."

नोरीननं वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग ती गॅरेजमध्ये आली आणि मला खिळ्यावरून ओढून काढलं. तिनं हॅड्रिलला अंगणात उभं केलं, मला त्याच्या छातीखालून घातलं आणि साखळी अशी हिसडली की तो कळवळला. पण माप बरोबर घेतलं. त्याच्या उंचीला दोन कड्या कमी करायला हव्या होत्या, त्या तिनं केल्या.

"हा सांधा बरोबर माझ्या छातीच्या हाडावर येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे," नोरीन म्हणाली.

ऑब्री बाहेर आलाच नाही.

हॅड्रिलच्या छातीखाली मी बरीच वर्षं होते. मला तो आवडत नव्हता आणि त्यालाही मी आवडत नव्हते. आम्ही एकमेकांना फक्त धरून होतो. सांधा त्याला टोचायचा, तो मला शिवी द्यायचा, आणि नव्या पोरांपैकी कुणी हसलं तर त्यालाही. पण हळूहळू त्यानं माझ्यावर हात चालवायला सुरुवात केली. एका ट्यूबच्या जागी दोन बारीक ट्यूब लावल्या, दोन्ही खांद्यांकडे जाणाऱ्या, म्हणजे छातीचं हाड मोकळं राहतं. आणि एक तुटली तरी दुसरी माणसाला धरून ठेवते. हे शेवटचं त्याला का सुचलं, ते मला कुणी सांगायला नको.

त्यानं कातरणं सोडलं त्या वर्षी मला सेसिलच्या हाती परत पाठवलं. बरोबर निरोप नव्हता. नोरीननं मला टेबलावर पसरलं, उलटसुलट केलं. ऑब्रीनं आपल्या दोन चालत्या बोटांनी एकेक ट्यूब ताणून पाहिली.

"हे चांगलं केलंय," तो म्हणाला.

"चांगलं केलंय म्हणजे तो चांगला झाला असं नाही."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मेल्याचं डोकं चालतं मात्र," असं पुटपुटत नोरीननं शिवणयंत्र पुढं ओढलं. त्या दिवसापासून तिनं शिवलेल्या प्रत्येक झोळीला दोन ट्यूब आहेत. हॅड्रिलचं नाव तिनं घरात कधी घेतलं नाही, आणि बाजारात समोरून आला तर रस्ता बदलायची.

मित्रांनो, आता मी खूप जुनी झाले आहे. गावातल्या संग्रहालयवाल्यांना मला काचेत ठेवायचं आहे. ठेवू नका. नुसतं टांगून ठेवलं की रबर तडकतं. लोकरीचं ओशट साबणानं धुवा, साखळीची प्रत्येक कडी अंगावर घेण्याआधी हातानं ओढून बघा. आणि मी जशी मिळाले तशी वापरू नका. तुम्हाला जिथं टोचतं तिथं मला कापा, शिवा, बदला. मी देवघरातली वस्तू नाही. शेवटचं एक. ज्याच्याशी तुमचं हाडवैर आहे त्यानं काढलेली युक्ती चांगली असेल, तर ती खुशाल उचला. वैर ठेवायला बाकी जागा पुष्कळ असते.